निळ्या बाळाच्या ऑपरेशनआधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सक्तीची हवी का?

दारव्हेकर (धागाकर्ता): माझं मत, हवी. भाच्याला टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे बाळ निळं पडतं तो जन्मजात हृदयदोष, आहे. आरबीएसकेचं (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) पथक अंगणवाडीत आलं, ओठ-नखं निळी पाहून नागपूरला पाठवलं. तिथे फक्त इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि तारीख मिळाली. या आजारात शंभरात साधारण पाच मुलांची एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी धमनी उजव्या कोरोनरीतून (हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीतून) निघते आणि सर्जन जिथे चीर देतो, तिथूनच आडवी जाते. कापली गेली तर डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) पुढच्या भागाचं रक्तच तुटतं. मग आधी का बघू नये?

भूलतज्ज्ञ, वर्धा: सरसकट सक्ती नको. चांगल्या हाताच्या इकोत लहान मुलांची कोरोनरी बहुतेक वेळा दिसते. छाती उघडल्यावर ती धमनी डोळ्यांनीही दिसते. मग सर्जन उजव्या कर्णिकेतून (वरच्या कप्प्यातून) आत जातो किंवा कॉन्ड्युट (रक्तासाठी पर्यायी नळी) बसवतो. सीटीसाठी निळ्या मुलाला झोपेचं औषध देणं हेही जोखमीचंच.

दारव्हेकर: कधी ती चरबीखाली असते, कधी स्नायूत दडलेली. आणि कॉन्ड्युट काही पोरासोबत वाढत नाही, पुढे पुन्हा ऑपरेशन आलंच. हे आईबापाला सही करण्याआधी कळायला नको?

आशाताई, घाटंजी: दोघाइचंही बरोबर असन बाप्पा. पण कापूस वेचणीत नागपूरची एक फेरी म्हंजे दोघा जीवाइची मजुरी बुडाली. सीटीची तारीख येगळी अन् ऑपरेशनची येगळी, तं लोक मधातच सोडून देतात.

भूलतज्ज्ञ, वर्धा: म्हणूनच शंका असेल तिथेच करा. आधी शंट (फुफ्फुसाकडे रक्त नेणारी जोडनळी) झालेला असेल, किंवा महाधमनीतून फुफ्फुसाकडे जादा फांद्या गेल्या असतील, तर सीटी हवीच. त्या फांद्या मोकळ्या ठेवून हार्ट-लंग मशीन लावलं, तर रक्त फुफ्फुसांतून परत येऊन सर्जनला काही दिसत नाही. डावी सुपीरिअर व्हेना केव्हा (डाव्या बाजूची जादा मोठी शीर) मात्र इकोतच सापडते, कोरोनरी सायनस (हृदयाची स्वतःची मोठी शीर) फुगलेला असतो.

अकोल्याचा पोट्टा: 'चांगला हात' आहे कुठं पण? जिल्ह्यात मोठ्यांचा इको करणारे भेटतात, तान्ह्या लेकराचा करणारा शोधून दाखवा.

दारव्हेकर: भाच्याच्या रिपोर्टात कोरोनरीवर एक ओळही नाही. ती ओळ नसेल तर सीटी, एवढा नियम तरी करा. आणि दोन्ही कामं एकाच भरतीत.

आशाताई, घाटंजी: हे जमते. फक्त क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या, नाही तं त्याच्यासाठीच वापस पाठवतात.