‘फंक्शनल’ नॅनोकण आणि ‘बायोमिमेटिक’ पदार्थ: मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ती

पाणी शुद्ध करण्यासाठी आणि औषधोपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या नॅनोकणांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. दोन शब्दांपाशी अडले आहे. ‘फंक्शनल’ला कार्यात्मक, कार्यक्षम, कार्यकारी असं बरंच काही सुचतं, पण ‘कार्यकारी’ म्हटलं की अभियंताच डोळ्यांसमोर येतो. ‘बायोमिमेटिक’साठी जैव, जैवसदृश आणि जैव-अनुकरणीय यांतलं कोणतं घ्यावं?

रसायनवाला

‘अनुकरणीय’ पहिल्यांदा बाद करा. अनुकरणीय म्हणजे अनुकरण करण्याजोगं. इथे पदार्थ स्वतः अनुकरण करतो आहे, म्हणून ‘अनुकारी’. जैवानुकारी.

नुसतं ‘जैव’ही चालणार नाही. जैवइंधन, जैवखत यांत जैव म्हणजे सजीवांपासून आलेलं. बायोमिमेटिक पदार्थाला तशी अट नाही, तिथे सजीवांची युक्ती उचललेली असते. अळवावरचं पाणी घ्या. पानावर अतिशय बारीक उंचवटे आणि त्यांवर मेणाचा थर असतो. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, मधल्या फटींत हवा राहते, आणि थोडा कल मिळाला की तो घरंगळतो. धातूच्या जाळीवर असाच खडबडीतपणा आणून वर पाणी झिडकारणारा थर दिला, की तेल जाळीतून उतरतं आणि पाणी वर राहतं. त्या जाळीत अळवाचा अंशही नसतो, मग तिला जैव कसं म्हणणार?

आता ‘फंक्शनल’. ‘कार्यक्षम’ म्हणजे एफिशियंट, तो अर्थ इथे नाहीच. शाळेच्या रसायनशास्त्रात ‘क्रियात्मक गट’ (रेणूला विशिष्ट गुण देणारा अणूंचा गट) हा शब्द आहे, तोच धागा धरावा. मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडचा कण घेतात आणि त्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम असे गट जोडतात. गंधक असलेला थायॉल गट पाऱ्याला घट्ट धरतो, कार्बॉक्सिल गट शिशाचे आणि तांब्याचे आयन धरतो. काम झालं की चुंबक लावून कण पाण्यातून बाजूला करता येतात. म्हणून ‘क्रियात्मक नॅनोकण’.

व्याकरणप्रेमी

एक वेगळा पर्याय. मूळ शब्दाला, म्हणजे ‘सिद्ध’ शब्दाला, उपसर्ग-प्रत्यय लागले की आपण त्याला ‘साधित’ म्हणतो. कणाला गट लावून त्याचा उपयोग बदलणं हे जवळजवळ तेच. मग ‘साधित नॅनोकण’ का नको? सिद्ध कण, साधित कण!

रसायनवाला

कल्पना सुरेख आहे, पण ती ‘फंक्शनलाइज्ड’ला, म्हणजे मुद्दाम गट जोडलेल्या कणाला लागू पडते, ‘फंक्शनल’ला पूर्ण नाही. भूजलातली क्लोरीनयुक्त द्रावकं मोडायला शून्यसंयुजी, म्हणजे धातुरूपातल्या लोहाचे नॅनोकण वापरतात. त्यांच्यावर काहीही जोडलं नाही तरी ते इलेक्ट्रॉन देऊन काम करतातच. म्हणजे ते क्रियात्मक आहेत, साधित नाहीत. लेखात दोन्ही प्रकार येत असतील तर दोन्ही शब्द ठेवा, उलट सोयच होईल.

औषधशास्त्राची विद्यार्थिनी

‘सजीवांपासून आलेलं नसतं’ यावर माझा आक्षेप आहे. तांबड्या रक्तपेशींचं खरंखुरं पटल काढून ते पॉलिमरच्या नॅनोकणांवर चढवतात. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या गटाने हे करून दाखवलं. शरीराच्या संरक्षक पेशींना तो कण आपल्यातलाच वाटतो, त्यामुळे तो रक्तात जास्त वेळ फिरत राहतो. त्यालाही बायोमिमेटिकच म्हणतात. पाण्याच्या बाजूलाही तेच. पेशीतून पाण्याचे रेणू आत-बाहेर सोडणारं अ‍ॅक्वापोरिन हे प्रथिन पीटर आग्रे यांनी ओळखलं, त्याबद्दल त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते प्रथिनच बसवलेल्या गाळणपटलांना बायोमिमेटिक पटलं म्हणतात. इथे अनुकरण कुठे आहे? सरळ उसनवारी आहे.

रसायनवाला

आक्षेप मान्य, पण ‘जैवानुकारी’ तरीही टिकतो. कच्चा माल कुठला हे तो शब्द सांगतच नाही, वागणूक कुणासारखी एवढंच सांगतो. पॉलिमरचा कण पेशीसारखा वागतो, पटल पेशीच्या आवरणासारखं वागतं. ‘जैवसदृश’ मात्र नको, त्यात रूपाचं साम्य येतं, आणि रूप बहुतेक वेळा जुळत नाही.

प्रश्नकर्ती

छान. ‘नॅनो’चं काय? ‘अब्जांश’ करू? आणि ‘अ‍ॅडसॉर्प्शन’ला नुसतं ‘शोषण’ चालेल ना?

व्याकरणप्रेमी

अब्जांश अर्थाने अचूक आहे, नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पण ‘अब्जांशकण’ वाचकाला कणाचा अब्जावा तुकडा वाटेल. नॅनो राहू द्या, तो आता मराठीच झाला आहे.

रसायनवाला

‘शोषण’ अजिबात नको! या लेखाचा जीव तिथेच आहे. स्पंज पाणी आत घेतो ते शोषण. नॅनोकण आर्सेनिक आत घेत नाही, अंगावर धरून ठेवतो, ते अधिशोषण. पृष्ठभागावरच सगळं घडतं म्हणून तर कण इतके लहान करायचे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक नॅनोमीटर बाजूचे घन केले तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर. वस्तू तेवढीच, धरायला जागा एक कोटी पट. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली आर्सेनिकची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. इतक्या खाली यायचं तर ही जागा लागते. ‘शोषण’ लिहिलंत की हे सगळं कारण वाचकाच्या हातून निसटतं.

औषधशास्त्राची विद्यार्थिनी

माझ्या विषयात ‘शोषण’ म्हणजे औषध आतड्यातून रक्तात जाणं. दोन्हींसाठी एकच शब्द वापरलात तर पाणी आणि औषध एकाच लेखात आल्यावर फार घोळ होईल.

प्रश्नकर्ती

मग हे वाक्य बघा, लेखातलं सगळ्यात अवघड: ‘शिंपल्यांच्या काही जाती ज्या रसायनाच्या जोरावर ओल्या खडकाला चिकटून राहतात, त्याच धर्तीचा पॉलिडोपामिनचा लेप मॅग्नेटाइटच्या कणांवर दिला, की हे जैवानुकारी साधित नॅनोकण जड धातूंचं अधिशोषण करतात, आणि त्याच लेपावर औषधाचे रेणूही जोडता येतात.’

व्याकरणप्रेमी

शब्द बरोबर आहेत, दम लागतो. ‘राहतात’नंतर पूर्णविराम द्या. ‘जैवानुकारी साधित’ ही दोन विशेषणं एकाला एक लावू नका. लेप जैवानुकारी, कण साधित, असं ज्याचं त्याला द्या.

रसायनवाला

आणि ‘जड धातूंचं’ऐवजी कोणते ते नावानिशी लिहा. शिसं लिहिलं की वाचक थांबून वाचतो.