फक्त रोहूऐवजी कटला-मृगळ मिसळले तर उवा कमी होतील का?

तळेवाला: 30 × 30 मीटरचं अस्तर घातलेलं शेततळं, त्यात 900 रोहू. माशांच्या अंगावर उवा (आर्ग्युलस, माशाला चिकटणारा परजीवी किडा) भरपूर. जाती मिसळल्या की परजीवी कमी पसरतात असं वाचलं. ते इथे लागू पडतं का? आणि 900 रोहू तसेच ठेवून वर 600 कटला-मृगळ सोडले तर चालेल?

कल्ला: दुसऱ्याचं आधी सांगतो: नाही. रोहू तेवढेच, पाणी तेवढंच, मग दोन रोहूंमधलं अंतर वाढलं कुठे? उलट उवेला बसायला 600 अंगं जास्तीची मिळाली. त्यात पहाटे प्राणवायू कमी पडणार आणि दमलेल्या माशावर उवा आणखी चढणार. मिसळायचं ते बदली करून. हेक्टरी 10,000 च्या हिशोबाने तुमच्या तळ्यात एकूण 900 च बोटुकली बसतात. 4:3:3 धरलं तर 360 कटला, 270 रोहू, 270 मृगळ.

तुम्ही वाचलंत ते बहुधा त्रिनिदादच्या गप्पी या छोट्या माशांबद्दल असावं. 2013 सालचं काम आहे. तीन नद्यांतले गप्पी आणि त्यांच्या जवळच्या नात्यातला पीसिलिया पिक्टा तपासले. मिश्र थव्यात दोन्ही जातींवर जायरोडॅक्टिलस (माशाच्या अंगावरचा बारीक परजीवी किडा) कमी निघाला. हा किडा अंडी घालत नाही, पिल्लूच देतो, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच वाढत असतं. पसरतो मुख्यतः अंगाला अंग लागून, आणि प्रत्येकाची माशाची जात ठरलेली. शेजारी परका मासा असला की त्याची उडी फुकट जाते. (पाण्याचा खारेपणा आणि माशाचा आकार यांचाही परिणाम असू शकतो, हे त्या लेखातच म्हटलंय. हा भाग सांगताना लोक गाळतात.)

उवेचं गणित वेगळं. ती पोहते आणि कार्पमधल्या कोणालाही धरते. शिवाय कटला वर, रोहू मधे, मृगळ तळाला. गप्पींसारखा एकत्र थवा इथे होतच नाही. तरी फायदा होतो, कारण मिश्र तळ्यात उवा सर्वांत जास्त दिसतात त्या रोहूवर, आणि तोच 900 वरून 270 वर येतो. कमी होतील. जाणार नाहीत.

भिंगवाला: वरच्यात भर. कल्ल्यावरच्या डॅक्टिलोगायरस या किड्यावर जाती मिसळण्याचा उपयोग जास्त, कारण तो जातीचा पक्का. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला (इक) शून्य. त्याला कुठलाही मासा चालतो. म्हणून आधी कोण आहे ते बघा, मग प्रमाण ठरवा.

मोजताना फेकजाळ्याने प्रत्येक जातीचे 10-15 मासे काढा, पांढऱ्या टबात एकेक घ्या. मासा तडफडला की उवा सुटतात, तेव्हा अंगावरच्या आणि टबाच्या पाण्यातल्या दोन्ही मोजा, नाहीतर आकडा निम्म्यावर येतो आणि आपण खूश. पंखांच्या मुळाशी नक्की बघा. नोंद जातवार आणि वजनासकट ठेवा. मोठ्या माशावर जागा जास्त, उवाही जास्त. नुसती सरासरी काढू नका. बहुतेक मासे जवळपास कोरे आणि दोन-तीन माशांवरच गर्दी, असंच चित्र सहसा निघतं.

जाळंकरी: प्रमाण बदललं तरी अंडी सोडू नका. मादी मासा सोडून टणक जागी अंडी चिकटवते; फळी, बांबू, दगड, तुमचा अस्तराचा कागदसुद्धा. बांबूच्या चटया किंवा फळ्या तळ्यात उभ्या सोडा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा. उबदार पाण्यात अंडी फुटायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आठवड्याचा नेम चुकवायचा नाही. काढणीनंतर तळं रिकामं करून कागदही वाळू द्या. जाळी एका तळ्यातून ओली काढून दुसऱ्यात टाकणं म्हणजे उवा हाताने वाटणं.

आणि डेल्टामेथ्रिनसारखं औषध कोणी सुचवलं तर आधी मत्स्य अधिकाऱ्यांना विचारा. उवा मरतात, पण प्राणिप्लवंगही (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) मरतात, आणि कटला जगतो त्याच्यावरच.

तळेवाला: नवीन बोटुकली आणताना मिठाचं पाणी किती?

जाळंकरी: 100 लिटरला 3 किलो खडेमीठ, पूर्ण विरघळवून. एक ते दोन मिनिटं. मासा कलंडायला लागला की घड्याळ न बघता बाहेर काढा. उवा त्यात सगळ्या मरत नाहीत, बऱ्याच नुसत्या सुटतात. ते पाणी तळ्यापासून लांब ओता.