पोल कापण्याआधी

पोल व्हॉल्टचा (बांबूउडीचा) मोठा पोल 'खालून फूटभर कापला की लहान मुलाला चालेल' असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय, ते कृपया कुणी करू नका. फायबरग्लासचा पोल आखूड झाला की जास्त ताठ होतो. हलकं मूल तो वाकवू शकत नाही आणि गादीऐवजी मागे धावपट्टीवर फेकलं जातं. तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे हे पोलवर छापलेलं असतं, त्यालाही मग काही अर्थ उरत नाही. अमेरिकेतल्या शालेय स्पर्धांत फेरफार केलेला पोल नियमानेच बाद आहे.

ओरखड्यांबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे बुटाच्या खिळ्याने पोलला नखाएवढी खाच पडली होती, आम्ही वरून टेप गुंडाळली. तिसऱ्याच उडीला पोल तिथेच कडाडून तुटला. मुलगा गादीवर पडला म्हणून वाचला. आता सरावाआधी मी सबंध पोलवरून बोट फिरवतो; कुठे अडकलं की तो पोल बाजूला.