लसीकरणाचा टक्का आणि रुग्णसंख्या: संबंध खरंच इतका सरळ आहे का?

सांजवात: लसीकरण कमी असलेल्या कितीतरी भागांत वर्षानुवर्षं गोवराचा एकही रुग्ण नसतो. आणि साथ येते तेव्हा आजारी पडलेल्यांत लस घेतलेली मुलंही निघतात. मग टक्का घसरला की रुग्ण वाढणारच, असं छातीठोकपणे का सांगतात? माझ्या दोन्ही मुलांना सगळे डोस दिलेत, तेव्हा लसविरोधी म्हणू नका.

खडूफळा: आधी दुसरा मुद्दा. हजार मुलं धरा. ९५० जणांना दोन्ही डोस, ५० जणांना एकही नाही. दोन डोसांनी साधारण ९७ टक्के संरक्षण मिळतं, म्हणजे त्या ९५० मधली २८-२९ मुलं तरीही कच्ची राहतात. संसर्ग सगळ्यांपर्यंत पोचला तर ७८-७९ रुग्ण, आणि त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लस घेतलेले! पण न घेतलेल्यांतले ५० पैकी ५० आजारी, घेतलेल्यांतले शंभरात तीन. नुसते रुग्ण मोजले की हा फरक दिसतच नाही.

सांजवात: हे पटलं. पण शून्य रुग्णांचं काय?

तिठा: ताई, शून्य म्हणजे विषाणू अजून पोचलेला नाही, एवढंच. सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात २०१८ मध्ये गोवराची लस तयार करताना चुकीचं औषध मिसळलं गेलं, दोन बाळं दगावली, लोकांचा विश्वास उडाला आणि लसीकरण तिशीच्या घरात आलं. त्या वर्षी साथ आली नाही. २०१९ मध्ये आली. ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. लिहितानाही त्रास होतो.

सांजवात: म्हणजे टक्क्याइतकाच विश्वासही महत्त्वाचा, हेच ना? शिवाय गोवराचं गणित सगळ्या रोगांना लावू नका. डांग्या खोकल्याच्या लशीचं संरक्षण काही वर्षांत ओसरतं, त्यामुळे चांगलं लसीकरण असूनही रुग्ण वाढतात. तपासण्या वाढल्या तरी आकडा फुगतो.

खडूफळा: डांग्या खोकल्याबद्दल मान्य. तरी त्यातही जीव जातो तो मुख्यतः लशीचं वय न झालेल्या तान्ह्यांचा. गोवराचा एक रुग्ण मात्र संरक्षण नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना लागण देतो, म्हणून ९५ टक्के लसीकरण लागतं. तेही वस्तीवस्तीत, नुसत्या सरासरीत नव्हे. टेक्सासात बालवाडीतल्या मुलांची राज्याची सरासरी ९४ च्या आसपास होती, तिथल्या गेन्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ८२. २०२५ च्या साथीतल्या ७६२ रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त त्या एका काउंटीतले.

सांजवात: मग राज्याची सरासरी दाखवून पालकांना निर्धास्त करणंही थांबवा. शाळावार टक्के जाहीर करा. माझी मुलं ज्या वर्गात बसतात, तिथला आकडा मला हवाय.