क्युबातले कोरियन

कुणीतरी लिहिलंय की क्युबात कोरियन लोक म्हणजे १९५९ च्या क्युबन क्रांतीनंतर उत्तर कोरियाशी दोस्ती झाल्यावर आले असतील. तसं नाहीये, हे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. १९०५ मध्ये हजारभर कोरियन चार वर्षांच्या करारावर मेक्सिकोतल्या युकातानला गेले, तिथे घायपातीच्या जातीच्या हेनेकेनची पानं तोडायची, काटे हाताला लागायचे, आणि १९०९ ला करार संपला तर वर्षभरात परत जायला देशच उरला नाही कारण १९१० ला जपानने कोरिया गिळला. मग १९२१ मध्ये त्यातले तीनेकशे जण उसाच्या कामाच्या आशेने क्युबाला गेले तर साखरेचे भाव कोसळलेले, म्हणून पुन्हा तेच हेनेकेन, मातान्सास आणि कार्देनासच्या बाजूला.

मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे की एवढ्या हलाखीतही घरच्या बायका प्रत्येक जेवणाला चमचाभर तांदूळ बाजूला काढायच्या आणि त्यातून साठलेले पैसे कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यासाठी पाठवायचे. पुढची पिढी पार क्युबन झाली, त्यांच्यातले खेरोनिमो लिम तर हवानाला कायदा शिकून क्रांतीत उतरले. दक्षिण कोरिया आणि क्युबाचे राजनैतिक संबंध मात्र थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये जुळले, फार उशीर केला राव!