धान्याची यादी, मागच्या वर्षीचे सोंडे आणि अण्णांची तेलाची पिशवी

सेक्रेटरी (ए-201): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 वार्षिक धान्य खरेदी. मार्केट यार्ड भुसार विभाग, टेम्पो-हमाली धरून लोकवन गहू 37 रु. किलो, तूरडाळ 128. फ्लॅट नंबर आणि किलो लिहावेत. पैसे रविवारी रात्री 9 पर्यंत.

सी-301 वहिनी: पुन्हा तेच? मागच्या वेळी अर्ध्या बिल्डिंगच्या गव्हात जूनमध्येच सोंडे निघाले. त्याचं काय झालं ते आधी सांगा.

सी-403: वहिनी, ते प्रोटीन होतं 😄

सी-301 वहिनी: विनोद नको. आणि पोत्यात 480 ग्रॅम कमी भरलं होतं, तेही अजून कुणी बोललेलं नाही.

बी-204 अण्णा: तेलाच्या पिशवीवर लिटर नाही, ग्रॅम बघा. पूर्वी सगळ्या 910 च्या होत्या. आता 850, 800, 750 पण येतात, दिसायला सारख्याच.

सेक्रेटरी: वजनाचं मी तेव्हाच सांगितलं होतं. 50 किलो बारदानासकट होतं. ज्यूटचं बारदान अर्धा किलोच्या आसपास भरतं. यंदा निव्वळ वजनाचं पक्कं बिल घेणार.

सी-301 वहिनी: म्हणजे आम्ही 37 रुपये किलोने बारदान खाल्लं. बरं.

ए-102 काकू: सोंड्यांचं मी सांगते, शांतपणे वाचा. सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, त्यामुळे नुसतं चाळून तो जात नाही. गहू आला की पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, मऊ दबला तर ओल आहे. आणि मुख्य म्हणजे गच्चीवरून आणला की लगेच डब्यात ओतायचा नाही. रात्रभर चादरीवर गार होऊ द्यायचा. गरम भरला की झाकणाला आतून पाणी सुटतं. गेल्या वर्षी बऱ्याच जणांचं तिथेच चुकलं.

ए-102 काकू: कडुलिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवूनच घालायचा. ओला पाला म्हणजे आपणच ओल घातली. डबा जमिनीवर, बाथरूमच्या भिंतीला टेकून ठेवू नये, खाली पाट हवा. पहिला पाऊस लागायच्या आत एकदा उघडून बघायचा.

सी-403: एवढं कोण करणार काकू. त्या गोळ्या मिळतात ना, पोत्यात टाकायच्या. काम खल्लास.

ए-102 काकू: अजिबात नाही.

बी-302: दादा, हे गमतीत पण लिहू नका, कुणीतरी खरंच आणेल. त्या अल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतली ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. गोदामात ताडपत्री घालून प्रशिक्षित लोक वापरतात. बंद फ्लॅटमध्ये झोपलेल्या माणसांचा जीव गेलाय यात. शेजारच्या खोलीतही वायू जातो.

सी-403: ओके ओके, मेसेज डिलीट केला.

ए-102 काकू: बोरिक पावडरही नको. ती शेवटी पिठातच जाते. मटकी, चवळी, मूग अशा कडधान्याला किलोला एक चमचा एरंडेल तळहाताने चोळा, दाण्यावर किडीची अंडी टिकत नाहीत. शिजवताना धुऊन घ्या. रवा, बेसन थोडंच आणा आणि आल्यावर तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 वार्षिक धान्य खरेदी. लोकवन 37, तूरडाळ 128. पैसे रविवारी रात्री 9 पर्यंत.

बी-302: सेक्रेटरी साहेब, रागावू नका, पण एवढ्या उस्तवारीत वाचतं किती? कोपऱ्यावर सुटा लोकवन 43 ला आहे. 100 किलोमागे 600 रुपये. दहा किलोला कीड लागली तर 370 तिथेच गेले. ज्यांच्याकडे ऊन नाही, जागा नाही, त्यांनी 30 किलोच घ्यावा.

ए-201 (सेक्रेटरी सौ.): 30 किलो किती दिवस पुरेल ते पण लिहा ना भाऊ. किलोभर पिठाच्या मध्यम 35 पोळ्या. चार माणसं आणि दोन डबे मिळून रोज 15-16 पोळ्या म्हणजे महिन्याला 13-14 किलो. दोन महिन्यांत पोतं संपतं, मग परत दुकानाचा भाव.

बी-302: बरोबर, वहिनी. माझं म्हणणं एवढंच की गळती गव्हात नाही, तेलात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरीचं दिवसाचं ताट दिलंय: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्य 85, भाज्या 400, फळं 100, दूध-दही 300 मिली, दाणे-तेलबिया 35, तेल-तूप 27 ग्रॅम. चार माणसांना महिन्याचं तेल-तूप सव्वातीन किलोच्या आत. म्हणजे 910 च्या साडेतीन पिशव्या, तूप त्यातच. ज्या घरात पाच लागतात तिथे दीड पिशवी जास्त. 142 च्या भावाने महिन्याला 213, वर्षाला अडीच हजार.

सी-403: म्हणजे भजी बंद.

बी-302: भजी नाही, फोडणी. बाटलीतून थेट ओतू नका. महिन्याचं तेल एका बरणीत काढा आणि पळी ठरवून घ्या.

बी-204 अण्णा: तेलाच्या पिशवीवर लिटर नाही, ग्रॅम बघा. 750 ची 120 ला स्वस्त वाटते. 160 रु. किलो पडली. 910 ची 142 ला म्हणजे 156.

सी-301 वहिनी: अण्णा, दुसऱ्यांदा.

बी-204 अण्णा: दुसऱ्यांदा वाचलंत तर उपयोग.

बी-405: 85 ग्रॅम डाळ म्हणजे चौघांना महिन्याला 10 किलो?? तुरीने दिवाळं निघेल.

बी-302: सगळी तूर कशाला? 100 रुपयांत प्रोटीन किती येतं ते बघा, आजच्या भावाने. तूर साधारण 170 ग्रॅम. मसूर 90 ची, 265 च्या पुढे. सोयावडी 140 किलो, 370. शेंगदाण्यांतून 178 ग्रॅम. अंडी 7 ला एक, 84. पनीर 400 ने, जेमतेम 45.

ए-504 काका: आज संकष्टी आहे. ग्रुपवर अंड्यांची चर्चा टाळावी ही विनंती.

सी-403: काका, 7 रुपये फक्त भाव लिहिलाय, आम्लेट नाही.

ए-504 काका: विनंती केली आहे. गच्चीच्या चावीच्या वेळीही असंच झालं होतं.

सी-301 वहिनी: चावीचा विषय आता नको, प्लीज.

ए-102 काकू: वरणाला दोन वाट्या तूर, एक वाटी मसूर. चव तुरीचीच राहते. तूर अर्धा तास भिजवली तर शिट्ट्या कमी लागतात, गॅस वाचतो. सोयावडी गरम पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळायची, नाहीतर उग्र वास राहतो आणि मग मुलं ताटात ठेवतात.

बी-405: आणि मटकी? अ‍ॅपवर मोडाची 200 ग्रॅम 38 ला आहे.

ए-102 काकू: 190 रुपये किलो झाली की गं! कोरडी 110 ची आणलीस तर किलोची मोड आल्यावर सव्वादोन-अडीच किलो होते. म्हणजे पन्नासच्या आत पडते. रात्री भिजव, सकाळी पाणी पूर्ण निथळ, ओल्या फडक्यात सैल बांध. आत्ताच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. चिकट होते ती पाणी राहिल्याने किंवा गच्च बांधल्याने. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, जास्त नको.

बी-405: थँक्यू काकू 🙏 आणि गवार 40 रु. पाव झालीय, तिचं काही?

ए-102 काकू: तिचं काही नाही. दुधी घे.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 वार्षिक धान्य खरेदी. लोकवन 37, तूरडाळ 128. पैसे रविवारी

सी-301 वहिनी: साहेब, अर्धवट गेलाय मेसेज. माझं लिहा: गहू 30, तूर 3. आणि मसूर का नाही यादीत? मसूर असेल तर 5.

सेक्रेटरी: मसूर किमान 30 किलोचा कट्टा घ्यावा लागेल. अजून कोण?

बी-405: 4

ए-504 काका: मसूर 2. गहू 100, आमच्या गॅलरीत ऊन आहे.

बी-302: मसूर 6. 17 झाली, 13 बाकी. मसूर यादीत घाला आणि पक्कं बिल ग्रुपवर टाका, म्हणजे वहिनींना वर्षभर काही बोलता येणार नाही.

सी-301 वहिनी: बोलायला विषय मिळतात मला.

बी-204 अण्णा: तेलाच्या पिशवीवर लिटर नाही, ग्रॅम

सी-403: बघतो अण्णा 🙏🙏 मागच्या वेळी पोती ओढून लिफ्टची फरशी खरवडली होती. यंदा पुठ्ठा कोण घालणार?

सेक्रेटरी: तुम्ही.