पद्मिनीच्या स्टीअरिंगवरचं इंडिकेटरचं हाउसिंग सैल झालंय, नीट कसं बसवायचं?

सातारा_पद्मिनी
नमस्कार मंडळी. वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, कॉलम गिअर, इंजिन एकदम झकास. प्रॉब्लेम असा की स्टीअरिंगच्या खाली कॉलमवर दांड्यांचं जे हाउसिंग असतं ते सैल झालंय, इंडिकेटर द्यायला दांडा ढकलला की आधी अख्खा डबाच फिरतो आणि मग कधी इंडिकेटर लागतो कधी नाही, वळून झालं तरी आपोआप बंद होत नाही, हातानेच मागे आणावा लागतो. खड्ड्यातून गेलं की खुळखुळ वेगळीच. इथल्या एका गॅरेजवाल्याने आत टेप गुंडाळून दिली होती, थोडे दिवस बरं होतं, उन्हाळा लागला तशी टेप वितळून सगळं चिकट झालं आणि परत तेच. पासिंग जवळ आलंय म्हणून आता नीटच करायचंय. नवीन स्विच टाकू का आहे त्याचंच काही होईल? पाने वगैरे आहेत, स्वतः करायची तयारी आहे, फक्त स्टीअरिंग व्हील कधी उतरवलेलं नाही.

जुना_फिटर
दादा नवीन स्विच इतक्यात घेऊ नका. आधी नक्की काय हलतंय ते शोधा, कारण बाहेरून सगळं सारखंच वाटतं. एका हाताने हाउसिंगच्या खालची कॉलमची नळी घट्ट धरा, दुसऱ्या हाताने हाउसिंग हलवा. नळी स्थिर आणि डबा फिरतोय म्हणजे क्लॅम्प सैल. डबा स्थिर आणि आतला दांडाच डुगडुगतोय म्हणजे स्विचचे स्क्रू किंवा दांड्याची पिन. आता व्हील धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे ओढून बघा, सगळा कॉलमच हलला तर डॅशखालच्या ब्रॅकेटचे बोल्ट नाहीतर वरचा बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) गेलाय, आणि तसं असेल तर इंडिकेटर राहू द्या, ते आधी करा आणि तोवर गाडी काढू नका.

तुमच्या वर्णनावरून क्लॅम्पच वाटतोय. क्लॅम्प नळीला मिठी मारून बसतो, स्क्रू आवळला की दोन्ही टोकं जवळ येतात. टोकं एकमेकांना टेकली आणि तरीही डबा फिरतोय तर कितीही आवळा, उपयोग शून्य, उलट आटे जातील. तेव्हा आतून पितळी शिमची पट्टी घालायची, पातळ, नळीभोवती एक वेढा, आणि टोकांमध्ये थोडी फट उरली पाहिजे म्हणजे आवळायला जागा राहते. टेप, रबर, सायकलच्या ट्यूबचा तुकडा यातलं काही नको, मऊ वस्तू दाबली जाते आणि क्लॅम्प परत ढिला पडतो.

सातारा_पद्मिनी
धन्यवाद काका, बघितलं, नळी स्थिर आहे, डबाच फिरतोय. पण स्क्रूचे आटे पण गेलेत असं दिसतंय, फिरवत राहिलं तरी घट्ट होत नाही. आणि व्हील उतरवावं लागेल का?

वायरिंगवेडा
आटे गेले असतील तर दोन रस्ते. धातू पुरेसा जाड असेल तर एक साइज मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून मोठा स्क्रू टाका, पातळ असेल तर मोठं भोक पाडताना क्लॅम्पचा कान तुटायची भीती, तिथे आरपार बोल्ट टाकून मागे नायलॉकचा (आपोआप सैल न होणारा) नट लावा. अ‍ॅरल्डाइट भरून त्यात स्क्रू फिरवू नका प्लीज, उन्हात बंद गाडीत स्टीअरिंगजवळ किती तापतं ते तुम्हाला साताऱ्यात वेगळं सांगायला नको. शेवटी स्क्रूला ब्लू लॉकटाइट (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद), लाल नाही, लाल लावलं तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय निघणार नाही आणि तापवलं की शेजारच्या वायरचं कव्हर जाणार.

व्हील काढायचंच असं नाही, स्क्रू खालून हाताला लागत असेल तर तसंच करा. पण मी तरी काढूनच करतो, कारण वायरिंग बघता येतं. इतके दिवस डबा फिरत होता म्हणजे वायर कुठेतरी नळीच्या काठावर घासलेली असणार, एखादी उघडी पडून बॉडीला टेकली की फ्यूज उडेल नाहीतर हॉर्न आपोआप वाजायला लागेल. बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय काही उघडू नका.

व्हील काढताना आधी चाकं सरळ करा. हॉर्नचं बटण काढा, नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकलेले राहू द्या, नाहीतर व्हील झटक्यात सुटून तोंडावर येतं. शाफ्टवर आणि व्हीलच्या बॉसवर (मधल्या जाड भागावर) पंचने एकेक खूण करा, त्याच खुणेवर परत बसवा. अडकलं तर पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) लावा, शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका, आटे चेपतात आणि धक्का खाली स्टीअरिंग बॉक्सपर्यंत जातो.

जुना_फिटर
वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. इंडिकेटर आपोआप बंद होतो तो व्हीलच्या बॉसखालच्या कॅममुळे (उंचवट्यामुळे), व्हील परत फिरताना तो स्विचमधल्या छोट्या जिभेला ढकलतो आणि दांडा मधे येतो. डबा खाली घसरला तर कॅम जिभेपर्यंत पोचत नाही, फार वर घेतला तर घासतो आणि व्हील फिरवताना कर्रकर्र आवाज येतो. म्हणून पूर्ण आवळायच्या आधी व्हील जागेवर ठेवून डबा मागेपुढे सरकवून बघा, चाकं सरळ असताना दांडा बरोबर मधे, बॉस आणि डब्यात अगदी थोडी फट. मग दोन्ही बाजूंना वळवून चेक करा. एका बाजूला बंद होतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर डबा नळीवर तिरका फिरलाय, किंचित उलटा फिरवा. गिअरचा रॉड पण कॉलमलाच लागून आहे, चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा कुठे अडत नाही ना.

नानापेठकर
स्विच खरंच गेला असेल तरच शोधायला निघा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा, पण पूर्वीसारखं सहज मिळेल असं धरू नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला गेली, रोज पार्ट घेणारं गिऱ्हाईकच संपलं, दुकानदार तरी माल कशाला भरेल. जुना ओरिजिनल पीस हलवून, दांडा क्लिक होतो का बघून घ्या. आणि तुमचा जुना फेकू नका, आतल्या स्प्रिंगा आणि पितळी कॉन्टॅक्ट कामाला येतात, कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ केले तर बऱ्याचदा तोच चालतो.

सातारा_पद्मिनी
झालं मंडळी! व्हील काढलं, एका वायरचं कव्हर खरंच घासून गेलं होतं, तिथे हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घातली. पितळी पट्टी, आरपार बोल्ट, डबा आता दगडासारखा आहे आणि दोन्हीकडे वळल्यावर आपोआप बंद होतोय. वडिलांनी चक्कर मारून आणली आणि घरी येऊन नुसता दांडा वर-खाली करत बसले होते. फक्त डावा इंडिकेटर उजव्यापेक्षा फास्ट मारतोय, तो पण स्विचचाच प्रकार का?

वायरिंगवेडा
मस्त काम! नाही, तो स्विच नाही. डावीकडचा पुढचा नाहीतर मागचा बल्ब गेलाय किंवा होल्डरचं अर्थिंग गंजलंय. जुना फ्लॅशर (इंडिकेटर चालू-बंद करणारा डबीसारखा पार्ट) लोडवर चालतो, लोड बदलला की स्पीड बदलतो. दोन्ही बल्ब 21 वॅटचेच आहेत का बघा, एलईडी टाकू नका, होल्डर घासून घ्या. नियमाप्रमाणे मिनिटाला 60 ते 120 वेळा लागला पाहिजे, घड्याळ लावून मोजा आणि मगच पासिंगला न्या.